बेळगावचे चौगुले, अँटवर्पच्या रस्त्यावर

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात खेळाडू म्हटलं की आधी पैलवान आठवतो. गावोगावच्या तालमी, आनंदवाडीचा आखाडा, पलीकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेलं खासबाग मैदान. कुस्तीला राजाश्रय होता, खुराक होता, इनाम होतं. पळणाऱ्याला यातलं काही नव्हतं. तरीही ऑलिंपिकमध्ये बेळगावचं नाव पहिल्यांदा नेलं ते एका पळणाऱ्याने, फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना सर दोराबजी टाटांच्या ध्यानात आलं, की अनवाणी पळणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने त्यांनी परवानगी मिळवली, स्वतःचा पैसाही घातला. पुढच्याच वर्षी सहा खेळाडू बेल्जियमला, अँटवर्पच्या ऑलिंपिकला निघाले. त्यांत चौगुल्यांबरोबर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्लही होते. शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. कुस्तीतल्या पदकासाठी मग १९५२च्या हेलसिंकीपर्यंत, खाशाबा जाधवांपर्यंत थांबावं लागलं.

मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२०ला झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन दुसरी नाही. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत जिंकले. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत. सोबतचे सदाशिव दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत.

एकोणिसावा हा आकडा ऐकून पुढे जाऊ नये. हिशोब केला तर चौगुल्यांनी प्रत्येक किलोमीटर सरासरी चार मिनिटांच्या आत काढला, तोही लागोपाठ बेचाळीस किलोमीटर, परक्या देशात. त्याच वेगाने आजचं अंतर पळालं, तर पावणेतीन तासांवर जेमतेम तीन-चार मिनिटं लागतात. घड्याळं, बूट, आहारतज्ज्ञ दिमतीला असणाऱ्या आजच्या हौशी धावपटूंपैकी बहुतेकांना तिथवर पोचता येत नाही.

१९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले, हे सगळीकडे छापलेलं असतं. त्यांचा भरवसा खरा ठरवणाऱ्यांत बेळगावचे चौगुलेही होते. आज सीमाभागातली पोरं सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतात. त्यांच्या शाळेच्या फळ्यावर २:५०:४५ ही वेळ चौगुल्यांच्या नावासह लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.