गळाचा छंद आणि पाण्याची वही

गळ टाकून मासे धरणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असा आपल्या शेतकरी समाजात सर्वसाधारण समज आहे. नदीकाठी तासन्‌तास काठी धरून बसलेल्या गृहस्थास पाहून त्याची थट्टा करण्यास आपण कचरत नाही. परंतु ह्याच छंदापासून नदीकाठच्या जमीनधारकाने एक मोलाची गोष्ट उचलण्यासारखी आहे. ती म्हणजे पाण्याचा लेखी हिशेब ठेवणे.

दक्षिणेतील कावेरी नदीचे उदाहरण ह्या बाबतीत फार बोधप्रद आहे. कर्नाटकातील गलिबोरे येथील तळावर दूरदूरचे शौकीन महसीर मासा गळाने धरण्यास येत असत. धरलेला मासा तपासून पुन्हा पाण्यात सोडावयाचा व त्याची नोंद ठेवावयाची, असा तेथील परिपाठ होता. 1998 ते 2012 ह्या काळातील ह्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. गळास लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. परंतु ती वाढ निळ्या परांच्या महसीराची होती. कावेरीचा मूळचा कुबड्या महसीर मात्र झपाट्याने कमी होत गेला होता. केवळ एकूण आकडा पाहणाऱ्यास नदी भरभराटीस आली असेच वाटले असते. जातवार नोंद होती म्हणूनच खरा प्रकार कळला. हा कुबड्या महसीर 2018 साली अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

निळ्या परांचा हा मासा मूळचा आपल्या मुलखातला. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून काम केलेल्या कर्नल साइक्स ह्यांनी पुण्याजवळील मुळा-मुठेतील ह्या माशाचे वर्णन 1839 साली प्रसिद्ध केले. लोणावळ्यास वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीने 1970 नंतर त्याची पैदास सुरू केली व बीज दूरवर पाठविले. त्यातलेच कावेरीत गेले. आपल्या नद्यांत ह्या कामाचा उपयोग आहे ह्यात शंका नाही. परंतु एका नदीचे बीज दुसऱ्या नदीत चांगल्या हेतूने टाकले, तरी ते तेथील मूळ वंशास मारक ठरू शकते, हे त्या वहीने दाखवून दिले.

आता आपल्या गोदावरीकडे पाहू. पुणतांब्याच्या शिवारातील प्रत्येक गटाची नोंद सातबाऱ्यावर आहे. पीकपाहणीत कांदा किती व ऊस किती हे लिहिले जाते. गावालगतच्या डोहात मात्र काय होते व काय उरले, ह्याचा रकाना त्या दप्तरात कोठेही नाही. त्यामुळे 'पूर्वी मासा पुष्कळ होता' एवढेच आपण सांगतो. कोणता व केव्हापर्यंत, हे सांगता येत नाही. महसुली कामात आयुष्य घालविलेल्या माणसास ही उणीव अधिकच जाणवते.

गळ टाकणारा ही उणीव सहज भरून काढू शकेल. पाण्यातील जातींचे थर त्यास ठाऊक असतात: कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. त्याप्रमाणे तो आमिष वर-खाली ठेवतो. त्याने वहीत तारीख, ठिकाण, पाण्याची स्थिती, माशाची जात, लांबी आणि किती वेळात किती मासे लागले, एवढे लिहावे. रिकाम्या हाताने परतल्याचा दिवसही टिपावा. कारण तोही पुरावाच आहे. मासा सोडावयाचा असल्यास गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकावा व ओल्या हातानेच मासा धरावा.

काही मर्यादा पाळणे अवश्य आहे. पावसाळा हा कटला-रोहूंच्या विणीचा काळ. मरळ आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. त्या वेळी तिला उचलल्यास सारा थवा निराधार होतो. ज्या जलाशयाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, तेथे तिची परवानगी घ्यावी. तिच्या सभासदांचे पोट त्यावर आहे. वरच्या अंगास असलेले नांदूर मधमेश्वर हे तर अभयारण्य व महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. तेथे गळ नेऊच नये. उन्हाळ्यात नदी आटून मासा डोहात व बंधाऱ्याच्या फुगवट्यात गोळा होतो, तेव्हा सुरुंग किंवा विष टाकणारे पुढे येतात. 1897 च्या कायद्यानेच हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरविले आहेत. काठावर नित्य बसणारा छंदी माणूस हा अशा कृत्यांचा पहिला साक्षीदार असतो.

शेवटी शेततळ्यांविषयी. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर ज्यांनी तळी खोदली, त्यांपैकी कित्येकांनी मासेही सोडले आहेत. पूर आला म्हणजे तळ्यातील मासा ओढ्यात व ओढ्यातून गोदावरीत जातो. म्हणून बीज विश्वासाच्या केंद्रातूनच घ्यावे, बंदी असलेला आफ्रिकी मांगूर मुळीच सोडू नये, आणि कोणते बीज कधी सोडले हे लिहून ठेवावे. नदीकाठच्या प्रत्येक गावातील दोघा-तिघा सभासदांनी येत्या कार्तिकापासून अशी वही घातली व वर्षाअखेरीस ती संघाच्या बैठकीत मांडली, तर दहा वर्षांनी गोदावरीची खरी स्थिती आपणांस आकड्यांनिशी सांगता येईल.