मित्रांपैकी एकाने काठावर थांबावे

जुने वर्गमित्र वर्षा-दोन वर्षांतून एकदा ठरवतात आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची बोट पकडतात. पुढे अलिबाग, चौल आणि रेवदंडा. १७४० मध्ये मराठ्यांकडे येईपर्यंत रेवदंडा पोर्तुगीजांचे बंदर होते. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून त्यांच्या कोटाची पडकी भिंत आजही थेट वाळूपर्यंत येते आणि समोर खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. फोन बाजूला पडतो, झोप पुरी होते, पोटभर हसणे होते. पन्नाशीतल्या रक्तदाबाला याहून चांगला उतारा नाही.

धोका असतो तो जेवणाआधीच्या किंवा संध्याकाळच्या "जरा पाण्यात जाऊन येऊ" या वाक्यात.

जुनी बंदरे बहुधा खाडीच्या मुखाशी वसली, कारण गलबतांना तिथे आसरा मिळे. रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरपर्यंत जातो. एवढे पाणी सुमारे सहा तासांत खाडीतून बाहेर पडते, तेव्हा मुखाशी जबरदस्त ओढ असते. शिवाय भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल चार वाजता सुरक्षित वाटलेली जागा दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी तशी नसते.

मोकळ्या किनाऱ्यावरही एक सापळा असतो. लाटांनी काठावर लोटलेले पाणी परतताना वाळूतल्या एखाद्या खोलगट वाटेने एकवटून आत धावते. याला रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत, किंचित गढूळ दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. जोराचा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतो. त्याच्याविरुद्ध पोहून माणूस दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. अशा वेळी उताणे तरंगावे, हात वर करून खूण करावी. फुटणाऱ्या लाटांपलीकडे ओढ कमी होते; मग किनाऱ्याला समांतर पोहून बाजूच्या लाटांबरोबर परतावे.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वास घेण्याची धडपड चालू असताना आवाज फुटत नाही, हात पाण्यावर दाबले जातात, डोके मागे कलते. हे सारे एका मिनिटाच्या आत संपू शकते. दोन पेग झालेला मित्र पाण्याचा अंदाज चुकतो, त्याचे हातपाय उशिरा हलतात आणि काठावरच्या प्यायलेल्या मित्रांना काही कळतच नाही.

म्हणून आळीपाळीने एकाने न पिता काठावर थांबावे. कोणी अडकल्यास मागोमाग उडी घेऊ नये. एकाऐवजी दोघे जातात. दोरी किंवा झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन फेकावा, स्थानिक कोळ्यांना किंवा जीवरक्षकांना हाक मारावी आणि ११२ किंवा १०८ला फोन लावावा.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबणे यात मोलाचा वेळ जातो. प्राणवायू तुटल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी तीस वेळा दाब द्यावा, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. शुद्धीवर आलेल्यालाही खोकला किंवा धाप असेल, तर खोलीवर झोपवू नये, रुग्णालयात न्यावे. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

पोहोचल्यावर मासळीचा भाव विचारताना ओहोटीची वेळही विचारून घ्यावी. गावातला माणूस ती सहज सांगतो आणि कुठे उतरू नये तेही सांगतो.