नोकरीसाठी स्वभावाची परीक्षा

रात्री अकराला भाचीचा फोन आला. "खाला, 'अनोळखी लोकांत मिसळायला आवडतं का' असं विचारलंय. हो लिहू की नाही?" पुण्यातल्या एका कंपनीत तिनं हिशेबाच्या कामासाठी अर्ज केला होता आणि मुलाखतीआधी मोबाइलवर स्वभावचाचणी द्यायची होती. पोरगी अबोल, पण हिशेबाला पक्की. 'नाही' लिहिलं तर नोकरी हुकेल ही धास्ती, आणि 'हो' लिहिलं तर खोटं बोलल्याची टोचणी.

अशा चाचण्यांत सर्वांत गाजलेली मायर्स-ब्रिग्ज. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकी मायलेकींनी कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथावरून ती बेतली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. त्यात माणसांचे १६ प्रकार पाडले आहेत. पण काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो. ती नोकरभरतीसाठी वापरू नका, असं ती चालवणारेच सांगतात!

तरी निकाल वाचून माणूस म्हणतो, "अगदी माझंच वर्णन!" १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद दिले. मुलांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मजकूर मात्र सगळ्यांना एकच होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला.

सगळ्याच चाचण्या टाकाऊ नाहीत. नेटकेपणा आणि जबाबदारीची जाणीव मोजणाऱ्या चाचण्यांचा कामगिरीशी थोडाफार मेळ बसतो, असं संशोधनात वारंवार दिसलं आहे. थोडाफारच. हिशेबनीस हवा असेल तर एक दिवसाची व्हाउचरं समोर ठेवावीत आणि ताळेबंद जुळतो का ते पाहावं. सूरह अल-कसस मधला प्रसंग आठवा. मूसा (अलैहिस्सलाम) यांना कामावर ठेवावं, असं मुलीनं वडिलांना सुचवलं ते त्यांची ताकद आणि अमानतदारी सांगून. त्याआधी तिनं त्यांना जनावरांना पाणी पाजताना पाहिलं होतं.

आपल्या घरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॅलिफोर्नियात टार्गेट या दुकानांच्या कंपनीनं पहारेकऱ्यांच्या भरतीत श्रद्धेबद्दल आणि खासगी आयुष्याबद्दलही प्रश्न विचारले होते. उमेदवार कोर्टात गेले. १९९१ मध्ये अपील न्यायालयानं त्यांची बाजू उचलून धरली आणि १९९३ मध्ये कंपनीनं भरपाई देऊन तडजोड केली. तेव्हा असा प्रश्न समोर आला, तर याचा कामाशी काय संबंध, असं अदबीनं विचारायला हरकत नाही.

भाचीला मी एवढंच सांगितलं, "बेटा, एकच गोष्ट शब्द बदलून तीनदा विचारतात, बनवाबनवी पकडली जाते. आणि उद्या रोज लोकांत बडबड करायचं काम गळ्यात पडलं तर ते तुलाच निभवावं लागेल."

तिनं 'नाही' लिहिलं. कंपनीकडून अजून काही कळलेलं नाही.