अपडेट केलं तरी पंचाईत, टाळलं तरी

१९ जुलै २०२४, शुक्रवार. अंधेरीला खेटून असलेल्या मुंबई विमानतळावर आकासा एअरला हाताने चेक-इन करावं लागलं. देशात काही ठिकाणी बोर्डिंग पास पेनने लिहून दिले गेले. संगणक ठप्प झाले होते, हल्ला मात्र कुणीच केला नव्हता!

क्राउडस्ट्राइक ही कंपनी क्लाउडमधून ग्राहकांच्या संगणकांवर पहारा ठेवते. त्यासाठी प्रत्येक संगणकात तिचा एक छोटा प्रोग्राम असतो. त्या शुक्रवारी आपल्याकडच्या वेळेनुसार सकाळी ९.३९ला त्याला अपडेट म्हणून नवी फाइल गेली. तिला २१ रकाने हवे होते, प्रोग्राम २०च पुरवत होता. नसलेला एकविसावा वाचायला जाताच विंडोज कोसळलं. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली. पण सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला होता आणि त्यातले बरेचसे एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले.

मग अपडेटच नको? तेही अंगाशी येतं. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भगदाड सापडलं, आणि २.१५, २.१६, २.१७ अशा सुधारित आवृत्त्या महिन्याभरातच काढाव्या लागल्या. थांबलेल्यांची दारं उघडीच राहिली.

सीप्झमधलं ऑफिस असो की मुलुंडमधलं, नवी आवृत्ती आधी मोजक्या संगणकांवर चालवून पाहावी आणि जुनी हाताशी ठेवावी. क्राउडस्ट्राइकनेही त्यानंतर अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवायचं ठरवलं.