लाडकी, निराधार, लाभार्थी

आज पैशाबद्दल कमी आणि पैशाला दिलेल्या नावाबद्दल जास्त बोलू.

एकाच गल्लीतल्या दोन बाया धरा. एकीच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये येतात, ती ‘लाडकी बहीण’. दुसरीच्या खात्यातही 1500 च येतात. ती विधवा आहे, तिला ‘संजय गांधी निराधार’चा पगार आहे. हा निराधारचा पगार 2023 मध्ये हजाराचा दीड हजार झाला. आणि लाडकी बहीण योजनेच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला 1500 किंवा त्याहून जास्त मिळत असतील, तर ही योजना मिळणार नाही. म्हणजे रक्कम तेवढीच आणि तिजोरीही सरकारचीच. पण एक बाई सभेत पुढच्या रांगेत बसते, तिला फेटा बांधतात, मंत्री हात जोडतात. दुसरी तहसीलच्या व्हरांड्यात हयातीचा दाखला घेऊन उभी असते. निकालाच्या दिवशी ‘निराधार बायांची लाट आली’ असं कोणी म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

लाडकी बहीण योजना 28 जून 2024 ला अर्थसंकल्पात जाहीर झाली. वर्षाला 46 हजार कोटी लागतील असं तेव्हा सांगितलं गेलं. नाव मध्य प्रदेशच्या ‘लाडली बहना’शी मिळतंजुळतं. बंगालमध्ये याच धर्तीच्या योजनेचं नाव आहे ‘लक्ष्मीर भांडार’, कर्नाटकात ‘गृहलक्ष्मी’. तामिळनाडूत सप्टेंबर 2023 पासून बायांना महिन्याला हजार रुपये मिळतात, पण तिथल्या नावात ‘उरिमै’ हा शब्द आहे. उरिमै म्हणजे हक्क. ती बायांच्या हक्काची रक्कम.

आता सांगा, बहीण आणि हक्क हे दोन शब्द आपल्या घरात कधी एकत्र येतात? भाऊबीजेला भाऊ ओवाळणी टाकतो. किती टाकायची ते त्याच्या मनावर, आणि बहीण ताटातली नोट मोजत नाही. बापाच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हा कायदा महाराष्ट्रात 1994 ला झाला आणि देशभर 2005 ला. तरी बाप गेल्यावर बहिणीला लाडानं बोलावून हक्कसोड पत्रावर सही घेतात. सही केली तर ती लाडकी. नाही केली तर ‘काहून वं, भावाच्या वावरावर डोळा ठेवते?’ असं ऐकावं लागतं. म्हणून सरकारी योजनेला बहिणीचं नाव मिळालं की ओवाळणीचा भावही सोबत येतो. देणारा मोठा होतो, आणि घेणारीनं विचारायचं नाही, फक्त आठवण ठेवायची. पैसे मात्र कोणत्याच भावाच्या खिशातले नसतात. साबणाच्या वडीवर, चपलांच्या जोडावर आपण कर भरतो, तोही त्याच तिजोरीत जातो.

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. सत्तेतले नाव ठेवतात, विरोधातले नावं ठेवतात. जुलै 2022 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी उत्तर प्रदेशातल्या भाषणात ‘रेवडी’ म्हणाले. मतांसाठी फुकट वाटणं म्हणजे रेवडी वाटणं, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांनी त्यांच्याच पक्षाची महायुती महाराष्ट्रात दीड हजार देऊ लागली, तेव्हा तो शब्द त्या बाजूनं ऐकू येईना. विरोधी महाविकास आघाडीतले काही नेते ‘तिजोरी रिकामी होईल’ म्हणत होते. निवडणूक आली तशी त्यांनीच तीन हजारांचं आश्वासन दिलं, आणि महायुतीनं 2100 चं. दुसऱ्यानं दिली तर रेवडी, आपण दिली तर सन्मान! शब्द कोणाच्या तोंडातून आला हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ धरू नका.

पैशाचं झालं. पण नाव तर आपल्यालाही ठेवलं जातं, आणि मला त्याचीच जास्त चीड येते.

2024 च्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक झाली. आपल्या अमरावती मतदारसंघातून काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले, भाजपच्या नवनीत राणा पडल्या. तेव्हा विदर्भात एक शब्द फिरत होता, ‘डीएमके’. म्हणजे दलित, मुस्लीम, कुणबी. सगळा निकाल या तीन अक्षरांत बसवला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेचा निकाल लागला, महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना 288 पैकी 230 जागा मिळाल्या, आणि तीन अक्षरं गायब झाली. आता सगळीकडे ‘लाडक्या बहिणींची लाट’. जूनमध्ये आपण कोणाच्या बहिणी नव्हतो, आपली फक्त जात होती. पाच महिन्यांत जात गेली आणि बहीण आली. बाई तीच, वावर तेच, कापसाच्या भावाची काळजीही तीच.

लाट होती, तर ती दर्यापुरात का नाही दिसली? आपल्या मतदारसंघात उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे गजानन लवटे निवडून आले. बाळापूरलाही त्याच पक्षाचे नितीन देशमुख आले, अकोला पश्चिमला काँग्रेसचे साजिद खान. दीड हजार तर या तिन्ही ठिकाणच्या बायांनाही मिळत होते. राज्यात बायांचं मतदान 2019 पेक्षा वाढलं हे खरं, पण पुरुषांचंही वाढलं. मग ‘लाडक्या भावांची लाट’ का नाही म्हणत? योजनेचा परिणाम झालाच नाही, असं मी म्हणत नाही. घरात स्वतःच्या नावाचे पैसे पहिल्यांदा पाहिलेल्या बाईला ते आठवणारच. पण दर्यापुरात उमेदवार कोण होते, मतं कशी वाटली गेली, सोयाबीनला काय भाव मिळाला, यानंही मत ठरतं. व्यापारी कापसाच्या गाडीत हात घालतो, वरची मूठभर रुई पाहतो आणि अख्ख्या गाडीचा भाव सांगतो. असे शब्द तसेच असतात.

अकोल्याकडे आणखी एक शब्द चालतो, ‘बी टीम’. प्रकाश आंबेडकर 1998 आणि 1999 ला अकोल्यातून लोकसभेवर गेले. त्या भागात त्यांना मानणारा मतदार जुना आहे. तरी वंचित बहुजन आघाडीला मत दिलं की ‘तुम्ही आमची मतं खाल्ली’ असं ऐकवतात. आमची म्हणजे कोणाची? मत देणाऱ्याचं मत त्याचं स्वतःचं, ते दुसऱ्याच्या ताटातून आलेलं नसतं. तो पक्ष चांगला की वाईट, हा वेगळा वाद आहे, तो खुशाल घाला. ‘खोके’, ‘गद्दार’, ‘निष्ठावंत’ या शब्दांनी 2022 पासून असंच केलं. पक्ष बदलण्याबद्दलचा कायदा 1985 पासून आहे. त्यात काय लिहिलं आहे, हे मात्र गावात कोणी समजावून सांगितलं नाही.

आता ‘लाभार्थी’. हा शब्द कागदावर साधा आहे, गावात मात्र त्याचा धाक होतो. निवडणूक जवळ आली की एखादा कार्यकर्ता म्हणतो, ‘पैसे घेता ना? मग ध्यानात ठेवा. कोणी कुठं मत टाकलं ते आमाले समजते.’ यातलं खरं किती, ते ऐकून ठेवा. निकालानंतर कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली, हे आकडे खरोखरच बाहेर येतात. त्यामुळे ‘तुमच्या केंद्रावर आम्हाला कमी पडली’ असं तो म्हणू शकतो. पण कोणत्या बाईनं कोणाला दिलं, हे त्याला कळू शकत नाही. बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. आपलं नाव नसतं.

योजनेचे पैसे मतामुळे सुरू होत नाहीत आणि मतामुळे थांबवताही येत नाहीत. त्याला अटी आहेत: वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि आणखी काही. 2025 मध्ये छाननी झाली, ई-केवायसी आली, तेव्हा अनेकींचे पैसे थांबले. तुमच्या गटात कोणाचे थांबले असतील, तर गावातल्या पुढाऱ्याकडे जाऊन हात जोडू नका. अंगणवाडीताईंकडे किंवा महिला व बालविकासच्या कार्यालयात जा, कोणत्या अटीवर थांबले ते विचारा, आणि लेखी मागा. अर्जाची एक प्रत शिक्का मारून जवळ ठेवा. निराधारच्या पगाराचंही तेच, फक्त ते काम तहसीलमध्ये होतं.