साखर वाढते, अंगातले पाणी आटते

मधुमेहाकडे दुर्लक्ष झाले की साखर दोन तऱ्हांनी अचानक जिवावर बेतते. पहिली तऱ्हा कीटोॲसिडोसिसची. इन्सुलिन जवळजवळ संपल्याने पेशींना साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळते आणि कीटोन नावाची आम्ले रक्तात साठतात. इकडे साखर 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की लघवीवाटे पडू लागते आणि पाणी व क्षारही ओढून नेते. मोठ्या माणसाच्या अंगातले पाच-सहा लिटर पाणी असे जाऊ शकते. तोंडाला कोरड पडते, पोट दुखते, उलट्या होतात, श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. आम्ल बाहेर टाकण्यासाठी रुग्ण खोल, जोरजोरात श्वास घेतो. कुसमौल या जर्मन डॉक्टरांनी 1874 मध्ये त्याचे वर्णन केले. घरचे मात्र पित्त झाले म्हणून सोडा देत बसतात. टाइप 1 च्या कित्येक मुलांचा मधुमेह कळतो तोच अशा अवस्थेत.

दुसरी तऱ्हा उतारवयातल्या टाइप 2 रुग्णांची, आणि ती जास्त घातक. थोडे इन्सुलिन शिल्लक असल्याने आम्ल फारसे साठत नाही, म्हणून धाप लागत नाही. साखर 600 च्या वर जाते, दिवसागणिक पाणी घटते. म्हातारा माणूस बरळू लागला, गुंगीत गेला की वयाला किंवा उन्हाला बोल लावला जातो.

निमित्त बहुधा संसर्गाचे किंवा चुकलेल्या इन्सुलिनचे. ‘जेवणच नाही, तर सुई कशाला?’ हा समज फार महागात पडतो. आजारपणात न जेवताही साखर चढते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना इन्सुलिन ठेवायला कोपीवर, म्हणजे झोपडीत, फ्रीज कुठला? वापरात असलेली बाटली माठाच्या गारव्यात साधारण चार आठवडे टिकते, पण ती संपल्यावर नवी मिळवणे अवघड होते.

उपचारात आधी सलाईन, मग रक्तातले पोटॅशियम पाहून शिरेतून इन्सुलिन. पोटॅशियम कमी असताना इन्सुलिन दिले, तर हृदयाचे ठोके बिघडतात. मुलांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, त्यामुळे त्यांचे सलाईन जपून द्यावे लागते. तासातासाला तपासणी लागणारे हे काम गावातल्या दवाखान्याचे नव्हे. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरच्या रुग्णासाठी 108 ची गाडी बोलावून तालुक्याच्या गावी, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात नेणे बरे. साखर 250 च्या खाली आली तरी तिथे इन्सुलिन बंद करत नाहीत. सलाईनमधून ग्लुकोज देत ते चालू ठेवतात, कारण आम्ल साखरेच्या मागाहून उतरते.