गेम तुमचा, म्युझिक कुणाचं?

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, दोन वेळ मेसमध्ये जेवायचं आणि रात्री रूममेट झोपले की लॅपटॉपवर गेम बनवत बसायचं, असे बरेच 'डेव्हलपर' तुमच्याही ओळखीत असतील. कदाचित तुम्हीच त्यातले एक असाल. गोडोसारखं इंजिन फुकट मिळतं, कोडिंग व्हिडिओ बघून जमतं. घोडं अडतं ते पुढे. हीरो हवा, झाडं हवीत, उडी मारल्याचा आवाज हवा आणि मागे काहीतरी जबरदस्त वाजायला हवं. रूममध्ये ना कुणाला चित्र काढता येतं, ना पेटी वाजवता येते. मग काय? सर्च करा, डाउनलोड मारा, गेममध्ये टाका!

गंमत इथेच सुरू होते. गेम चालला, एखाद्या यूट्यूबरने खेळून दाखवला आणि तुमच्या बॅकग्राउंड ट्रॅकमुळे त्याच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आला, तर पुढच्या वेळी तो तुमच्या गेमला हात लावेल का? मूळ मालकाने तक्रार केली तर स्टोअरवरून गेमच उतरतो. सहा महिन्यांची मेहनत एका एमपीथ्रीपायी पाण्यात.

आपल्याकडे १९५७च्या कायद्यानुसार गाणं किंवा चित्र तयार झालं की कॉपीराइट आपोआप लागू होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही की गोलातला 'सी' लागत नाही. गीतकार, संगीतकार आणि चित्रकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तोही प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे जुनी तबकडी मोकळी झाली, तरी तिच्यातली चाल अजून कुणाच्या तरी मालकीची असू शकते.

मग वापरायचं काय? क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्सं २००२पासून आहेत, ती एकदा नीट समजून घ्या. 'सीसी झिरो' म्हणजे बिनधास्त वापरा, नावही देऊ नका. केनी या साइटवरचे गेम ग्राफिक्स असे आहेत. 'बाय' असेल तर कलाकाराचं नाव द्यायलाच हवं. 'एनसी' म्हणजे धंदा नको. आज गेम फुकट असेल, पण उद्या त्यात जाहिराती लावल्या की हा ट्रॅक काढावा लागतो. 'एनडी' असेल तर कापाकापी करून ती पुढे वाटता येत नाही. 'एसए' असेल तर तुम्ही केलेला बदलही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. फ्रीसाउंड आणि ओपनगेमआर्टवर प्रत्येक फाइलची अट वेगळी असते, तेव्हा साइटचं नाव बघून निर्धास्त होऊ नका. आणि 'रॉयल्टी फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापराला वेगळी रॉयल्टी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गेम जॅमचे नियमही आधी वाचा. लुडम डेअरच्या ४८ तासांच्या 'कॉम्पो'मध्ये ग्राफिक्स आणि म्युझिक त्याच वेळात स्वतःच बनवावं लागतं. ७२ तासांच्या 'जॅम'मध्ये तयार मटेरियल चालतं.

लायसन्स पाळलं तरी एक प्रश्न उरतोच. तीच झाडं, तीच नाणी, तोच पियानो शेकडो गेम्समध्ये असतो. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आला आणि गर्दीत उठून दिसला, तो त्यातल्या आपल्या पुराणकथांमुळे आणि वास्तुशैलीमुळे. तेवढं बजेट आपल्याकडे नाही, हे खरं. पण खजिना पेठेतच आहे की! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८मध्ये सहकाऱ्यांसोबत पुण्यात चित्रशाळा सुरू केली. सदाशिव पेठेच्या पत्त्यावरच्या या छापखान्याने देवादिकांची आणि मराठा इतिहासातल्या माणसांची रंगीत शिळाछापाची चित्रं घरोघरी पोहोचवली. एकोणिसाव्या शतकातल्या त्या चित्रांचा कॉपीराइट केव्हाच संपलाय. फक्त अशा जुन्या चित्राचा फोटो कुठून घेताय, ते बघा. ब्रिटिश म्युझियम आपले फोटो 'एनसी' अटीवर देतं, तर न्यूयॉर्कचं मेट म्युझियम पब्लिक डोमेनमधल्या कलाकृतींचे फोटो 'सीसी झिरो'मध्ये देतं.

आवाजांसाठी तर खिशातला मोबाइल पुरे. मेसमधली स्टीलची ताटं आदळली की तलवारींचा खणखणाट. चढावर धापा टाकणारी रिक्षा थोडी स्लो केली की राक्षस तयार. गणपतीआधी ढोल पथकांचा सराव सुरू असतो; पथकप्रमुखांना विचारा, परवानगी लेखी घ्या, बॉस फाइटचं म्युझिक तिथेच मिळेल.

आणि आजच एक काम करा. प्रोजेक्टमध्ये 'क्रेडिट्स' नावाची साधी टेक्स्ट फाइल उघडा. नवीन काही डाउनलोड केलं की लगेच एक ओळ लिहायची: फाइलचं नाव, कलाकार, लिंक, लायसन्स, तारीख. ओळ लिहिता येत नसेल, तर ती फाइल गेममध्ये टाकायची नाही. उद्या तुम्ही काढलेलं झाड दुसऱ्या कुणाच्या गेममध्ये दिसलं, तर खाली तुमचं नाव असावं, असं तुम्हालाही वाटणारच ना?